मेटचा पॅरिसच्या अराजकवाद्यांचा फोटोसंग्रह: चित्रं अव्वल, मथळे तपासून घ्या

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर पॅरिस पोलिसांनी १८९१ ते १८९५ या काळात काढलेले अराजकवाद्यांचे फोटो शेकड्यांनी ठेवलेले आहेत. २००५ साली म्युझियमने गिलमन संग्रह घेतला, त्यातून हे फोटो लावलेली पोलिसी कार्डं आली. फेब्रुवारी २०१७ पासून म्युझियमने आपल्या हक्कमुक्त कलाकृतींची चित्रं सीसी झिरो परवान्याखाली खुली केली आणि हे फोटोही त्यात आले. खातं उघडावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. पुस्तकात, मासिकात, प्रदर्शनात, अगदी विक्रीच्या वस्तूवर छापले तरी परवानगी लागत नाही. पोलिसी छायाचित्रणाच्या इतिहासावर शिकवणाऱ्याला किंवा लिहिणाऱ्याला इतक्या दर्जाचं साहित्य या दरात दुसरीकडे मिळणं कठीण. पण फोटोखालचा मजकूर जसाच्या तसा उचललात तर फसाल.

कार्ड हातात मावेल एवढं आहे: १०.५ सेंटिमीटर उंच, ७ सेंटिमीटर रुंद आणि पुठ्ठ्यासह अर्धा सेंटिमीटर जाड. काचेच्या निगेटिव्हवरून अल्ब्युमेन कागदावर छापलेला फोटो, त्याच्यासोबत आडनाव, नाव, वय, जन्मगाव, धंदा, आरोप आणि तारीख. अल्ब्युमेन म्हणजे अंड्यातला पांढरा बलक. तो मीठ घालून कागदावर पसरायचा, वाळल्यावर सिल्व्हर नायट्रेटने कागद संवेदनशील करायचा आणि निगेटिव्ह त्यावर दाबून उजेडात छाप उमटवायचा. या पांढऱ्या बलकामुळे अशा छापांचे उजळ भाग वर्षानुवर्षांनी पिवळे पडतात. स्क्रीनवर दिसणारी पिवळट छटा कुणी नंतर चढवलेली नाही, ती कागदाच्या वयाची आहे. स्कॅनिंग करणाऱ्यांनी ती ‘सुधारली’ नाही, याचे पूर्ण गुण द्यायला हवेत.

शोधताना आधी रोमन लिपीत आल्फाँस बेर्तियाँ (शरीराच्या मापांवरून गुन्हेगार ओळखण्याची पद्धत बसवणारा पॅरिस पोलिसांचा अधिकारी) हे नाव टाका, मग सार्वजनिक मालकीच्या वस्तूंची गाळणी लावा. याच नावाखाली म्युझियमकडे गुन्ह्याच्या जागांचा एक आल्बम आणि नाक-कान-कपाळाच्या प्रकारांचा एक मोठा तक्ताही आहे. ते वेगळ्या नोंदी आहेत, या कार्डांशी त्यांची गल्लत करू नका. विशिष्ट माणूस हवा असेल तर आडनाव आधी टाका, कारण मथळे पोलिसांच्या पद्धतीने आडनावापासून सुरू होतात. धंद्यावरून शोधायचं तर शब्द फ्रेंचच हवा. इंग्रजीत ‘शिंपी’ टाकून हाती फारसं लागत नाही, कारण मथळे मुळातल्या फ्रेंचमध्येच ठेवले आहेत. हा निर्णय योग्यच आहे, फक्त फ्रेंच न येणाऱ्याने आठ-दहा शब्दांची चिठ्ठी शेजारी ठेवावी: जन्मस्थळाचा, वयाचा, चांभार, सुतार, शिंपी, छापखान्यातले खिळे जुळवणारा अशा धंद्यांचा, ‘शिक्षा झालेला’ आणि ‘गुन्हेगारांच्या टोळीत सामील’ या आरोपाचा. तारीख आपल्यासारखीच दिवस-महिना-वर्ष अशी आहे. ९/३/९४ म्हणजे ९ मार्च १८९४. अमेरिकी पद्धतीची सवय असलेला वाचक ती ३ सप्टेंबर वाचतो आणि सगळा घटनाक्रम उलटापालटा होतो.

या तारखा एका ओळीत मांडून बघाच. १८९४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला कार्डांची दाटी दिसते. ९ डिसेंबर १८९३ रोजी ऑग्युस्त वायाँने फ्रेंच संसदेत बॉम्ब फेकला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत अराजकवाद्यांविरुद्धचे पहिले दोन कायदे मंजूर झाले. १२ फेब्रुवारी १८९४ ला एमिल आँरीने पॅरिसच्या कॅफे तेर्मिनूसमध्ये स्फोट केला. २४ जूनला लियाँमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना काझेरिओ या इटालियन अराजकवाद्याने भोसकलं आणि २८ जुलैला तिसरा कायदा आला. प्रत्येक घटनेनंतर पोलिसांनी जाळं टाकलं आणि जाळ्यात आलेल्याला कॅमेऱ्यापुढे बसवलं. एका कार्डावर बेल्जियममधल्या गँटमध्ये जन्मलेला एजेन बेलमाँ नावाचा २३ वर्षांचा शिंपी आहे. मथळ्यात धंदा लिहिला आहे, त्याच्यापुढे ‘अराजकवादी’ आणि मग तारीख, बस्स. ‘अराजकवादी’ हा शब्द जिथे आरोप यायला हवा तिथे बसवलेला आहे. त्याने काय केलं याचा उल्लेखच नाही, आणि अशी कितीतरी कार्डं आहेत. म्हणून ‘१८९४ चे दहशतवादी’ असं शीर्षक देऊन यातले वीस चेहरे ओळीने लावणं ही सरळसरळ चूक आहे. यातल्या अनेकांचा दोष एवढाच होता की त्यांचं नाव कुठल्या तरी यादीत होतं.

मथळा कसा चकवतो याचे दोन नमुने.

पहिला फेलिक्स फेनेआँ. कलासमीक्षक, बोकडदाढी, कॅमेऱ्याकडे थंड नजर. या संग्रहातला बहुधा सर्वांत जास्त वेळा छापला गेलेला चेहरा. मथळ्यात तो बेर्नहाइम-जन गॅलरीतला कारकून असल्याचं म्हटलं आहे (गॅलरीच्या स्पेलिंगमधलं एक अक्षरही गळालं आहे). फोटोची तारीख १८९४-९५. पण एप्रिल १८९४ मध्ये अटक झाली तेव्हा फेनेआँ युद्ध खात्यात कारकून होता आणि त्या गॅलरीत तो १९०६ मध्ये गेला. म्हणजे ती ओळ फोटोबरोबरची नाही, किमान अकरा-बारा वर्षांनंतरची आहे. पोलिसी कार्डाचं हेच वैशिष्ट्य असतं: माणूस सुटला तरी कार्ड चालूच राहतं. ऑगस्ट १८९४ मध्ये अराजकवाद्यांवर एकत्र चाललेल्या ‘तीस जणांच्या खटल्या’त फेनेआँ निर्दोष सुटला. त्याच्याबरोबर झाँ ग्राव्ह, सेबास्तियाँ फोर हे अराजकवादी पुढारीही सुटले आणि शिक्षा झाली ती फक्त तिघांना, तीही चोरीबद्दल. यातलं काहीही कार्डावर नाही.

दुसरा रावाशोल, पॅरिसमध्ये बॉम्बस्फोट घडवणारा अराजकवादी. खरं आडनाव केनिगस्टाइन. मथळा सांगतो: फ्रांस्वा क्लॉद्यूस केनिगस्टाइन, वय ३३, जन्म सँ-शामाँ, २७/४/९२ ला शिक्षा. जन्म १४ ऑक्टोबर १८५९ चा, म्हणजे त्या दिवशी त्याला ३२ वर्षं पूर्ण होती. हा फरक किरकोळ म्हणून सोडता येईल. शिक्षेचं मात्र तसं नाही. त्याला गिलोटिनवर चढवलं हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे वाचक ही तारीख मृत्युदंडाची धरतो. पॅरिसच्या न्यायालयाने त्याला दिली होती जन्मठेपेची सक्तमजुरी. मृत्युदंड नंतर माँब्रिसाँच्या न्यायालयाने जुन्या खुनाच्या खटल्यात दिला आणि ११ जुलै १८९२ ला तिथेच तो अमलात आला.

आणखी एक खटकणारी गोष्ट म्हणजे नोंदीत ‘कलाकार’ म्हणून बेर्तियाँचं नाव येतं. संग्रहालयाच्या साच्यात कुणाचं तरी नाव घालावं लागतं हे मान्य. पण हे फोटो पोलीस मुख्यालयाच्या स्टुडिओत पगारी कामगारांनी काढले. बेर्तियाँने घालून दिला तो नियम. ‘बेर्तियाँ यांनी काढलेला फोटो’ असं लिहिण्याऐवजी ‘बेर्तियाँच्या पद्धतीने पॅरिस पोलिसांनी काढलेला’ असं लिहिलं की चूक टळते.

तो नियम माहीत असल्याशिवाय या चित्रांत काय आहे आणि काय नाही हे कळत नाही. नियमाप्रमाणे खुर्ची जमिनीला पक्की हवी आणि कॅमेऱ्याचं अंतर ठरलेलं, म्हणजे चेहरा नेहमी मूळ आकाराच्या एक सप्तमांश उतरतो. मागे कोरा पडदा. रिटचिंगला सक्त मनाई, कारण धंदेवाईक स्टुडिओ सुरकुत्या आणि वण पुसून टाकत, आणि पोलिसांना नेमके तेच हवे असत. दोन फोटो: एक समोरून, एक उजव्या बाजूने. समोरचा साक्षीदारांसाठी, कारण लोक माणसाला समोरूनच ओळखतात. बाजूचा पोलिसांसाठी, कारण दाढी वाढवली, गाल फुगवले, तोंड वेंगाडलं तरी कानाची घडण बदलत नाही. मेटच्या कार्डांवर बहुतेक ठिकाणी समोरचाच फोटो आहे. म्हणजे ओळख पटवण्याचा पोलिसांच्या मते जास्त भरवशाचा अर्धा भाग इथे नाही. ‘मगशॉट’ची (पोलिसी ओळखफोटोंची) जोडी दाखवायची असेल तर ती दुसऱ्या संग्रहातून आणावी लागेल.

आणि मापं तर अजिबातच नाहीत. बेर्तियाँच्या पद्धतीत फोटो दुय्यम होता. १८८० च्या आसपास पॅरिस पोलिसांकडे हजारो फोटो पडून होते, पण ते नावाने लावलेले. आरोपीने खोटं नाव सांगितलं की तो ढीग निरुपयोगी. बेर्तियाँने शोधाची किल्ली नावावरून हाडांवर नेली. मापं अकरा: उंची, पसरलेल्या हातांचा विस्तार, बसलेली उंची, डोक्याची लांबी आणि रुंदी, उजवा कान, डावं पाऊल, डाव्या हाताचं मधलं बोट, करंगळी, कोपरापासून पुढचा हात, आणि अकरावं कधी कानाची तर कधी गालफडांची रुंदी. हातापायांची मापं डाव्या बाजूची, कारण कष्टाच्या कामाने उजवी बाजू जास्त बदलते. पाऊल मोजताना माणसाला डाव्या पायावर एकट्याने उभं करायचं, म्हणजे भाराने ते पूर्ण पसरतं आणि आखडून घेता येत नाही. प्रत्येक मापाचे लहान, मध्यम, मोठं असे तीन गट. चार मापं झाली की ८१ कप्पे, अकरा झाली की १,७७,१४७. गोची होते ती सीमेवरच्या माणसाची. एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला की कार्ड शेजारच्या कप्प्यात जातं, म्हणून दोन्ही कप्पे बघावे लागतात. अशी दोन-तीन मापं सीमेवर आली की चार, आठ कप्पे. त्यात कॅलिपर (मापं घेण्याचं साधन) झिजलेला असेल किंवा दुसऱ्या ठाण्याचा शिपाई थोडा जास्त दाबून मोजत असेल, तर तोच माणूस सापडतच नाही.

रावाशोलच्या प्रकरणाने ही पद्धत गाजली, पण नक्की काय घडलं ते बघण्यासारखं आहे. ३० मार्च १८९२ ला बुलव्हार माजेंतावरच्या व्हेरी रेस्टॉरंटमधल्या वेटरने त्याला बोलण्यावरून आणि हातावरच्या वणावरून ओळखलं. मुख्यालयात आणल्यावर मापं घेतली, तेव्हा तो सँत-एतिएनला आधी मोजलेला केनिगस्टाइन निघाला. थोडक्यात, सापडला वेटरमुळे आणि मापांनी सांगितलं ते तो कोण आहे एवढंच. मापांच्या कपाटातून फरारी माणूस कधी बाहेर काढता येत नाही, समोर बसलेल्याचं जुनं नाव तेवढं काढता येतं. पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या वधानंतर दामोदर चाफेकर हाती लागले तेही द्रविड बंधूंच्या खबरीमुळे. त्याच वर्षी जूनमध्ये, रँडवर गोळी झाडली गेली त्याच्या दहाच दिवस आधी, हिंदुस्थान सरकारने बोटांच्या ठशांवर गुन्हेगारांच्या नोंदी लावायला मंजुरी दिली होती. बंगालमध्ये पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्रीने आधी बेर्तियाँची मापंच वापरून पाहिली होती. त्याच्या हाताखालच्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवल्यावर मापांची गरज उरली नाही: ठशाला कॅलिपर लागत नाही आणि मोजणाऱ्याच्या हाताचा दाब आडवा येत नाही.

फोटोकडे परत येऊ. चेहऱ्यावरून रंगांचे निष्कर्ष काढू नका. त्या काळच्या निगेटिव्हच्या साध्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला तीव्र आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे निळे डोळे पांढुरके उतरतात, तांबूस केस काळे दिसतात, उन्हाने रापलेला किंवा लालसर चेहरा गडद होतो आणि चामखीळ-ठिपके ठळक होतात. मूळचे गोरे-तांबूस चेहरे या फोटोंत करडे आणि ‘उग्र’ दिसतात त्याला हेही एक कारण आहे. पोलिसांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच बुबुळाचा रंग ते फोटोवर न सोपवता शब्दांत, ठरलेल्या वर्गांत नोंदवत. हल्ली काही जण या चित्रांना संगणकाकडून रंग चढवून घेतात. ते रंग सरळसरळ कल्पनेचे असतात, कारण मूळ पट्टीवर ती माहितीच उतरलेली नाही.

छापायचं असेल तर काही आकडे कामी येतील. मूळ आकारात ३०० डीपीआयला साधारण १,२४० बाय ८२७ पिक्सेल पुरतात. ए-थ्री आकारात भिंतीवर लावायचं तर उतरवलेल्या फाईलची लांब बाजू २,५०० पिक्सेलच्या वर आहे याची खात्री करा. पानावर दिसणारं चित्र उजव्या क्लिकने वाचवू नका, ते छोटं असतं. चित्राजवळच्या डाउनलोडच्या खुणेनेच फाईल घ्या. आपल्याकडच्या फोटो लॅबमधला ४ बाय ६ इंचाचा कागद इथे चालत नाही: त्याची रुंदी १०.१६ सेंटिमीटर आणि कार्ड १०.५ उंच, म्हणून दोन कार्डं शेजारी बसवली की वरखाली कापली जातात. ५ बाय ७ घ्या, त्यावर दोन कार्डं मूळ आकारात आरामात बसतात. लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला आणि ‘फिट’ न करता शंभर टक्क्यांवर छापायला सांगा, नाहीतर पिवळी छटा जाऊन राखाडी फोटो हातात येतो. कागद मॅट. वर्गात हाताळायला द्यायचे असतील तर ५ मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवा, जाडी मूळ कार्डाइतकीच होते आणि हातात घेतल्यावर वस्तूचा खरा अंदाज येतो. मग पट्टी लावून डोक्याची उंची मोजा. एक सप्तमांशाच्या नियमाने ती तीन सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. विद्यार्थ्यांना ‘प्रमाणित’ या शब्दाचा अर्थ सांगायला यापेक्षा सोपा प्रयोग नाही.

एकगठ्ठा माहिती हवी असणाऱ्यांसाठी म्युझियमचा एपीआय (प्रोग्रामला थेट माहिती पुरवणारी सोय) आहे. त्यासाठी नोंदणीची किल्ली लागत नाही, सेकंदाला ८० विनंत्यांची मर्यादा आहे आणि वर्गाच्या प्रकल्पाला ती पुरून उरते. आधी शोध चालवून वस्तूंचे क्रमांक घ्यायचे, मग एकेका क्रमांकाची नोंद मागवायची. मथळा एकाच रकान्यात सलग येतो, म्हणून वय, गाव, धंदा, तारीख हे स्वतः तोडून वेगळे करावे लागतात. पूर्णविरामावर तोडलंत तर संक्षेपांमुळे रकाने सरकतात. शेवटून सुरुवात करून आधी तारीख उचलणं बरं पडतं. फेनेआँसारख्या नोंदीत तशी तारीख नाही, तिथे हाताने काम करा.

याच विषयाचं दुसरं दुकान म्हणजे लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी. तिथे मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांवर पाळत ठेवण्यासाठी पोलिसांनी वापरलेले फोटो आहेत. या बायका कॅमेऱ्यापुढे बसायला नकार देत, म्हणून हॉलोवे तुरुंगाच्या आवारात गाडीत लपून लांब पल्ल्याच्या लेन्सने त्यांचे फोटो काढले गेले. एव्हलिन मानेस्ताच्या मूळ फोटोत तिची मान धरून ठेवणारा पहारेकऱ्याचा हात दिसतो. पोलिसांनी वाटलेल्या प्रतीत तो हात रंगवून नाहीसा केला आहे. दोन्ही प्रती तिथे बघायला मिळतात. केवळ त्या जोडीसाठी ती जागा मेटपेक्षा वरचढ ठरते, कारण मेटच्या शांत बसलेल्या चेहऱ्यांमागचा हात कुठेच दिसत नाही. मात्र लंडनची चित्रं फुकटात फक्त बिगरव्यापारी वापराला मिळतात. व्यापारी पुस्तकात छापायची तर परवान्याचे पैसे मोजावे लागतात.

१८७१ च्या पॅरिस कम्यून या बंडातले कैदी हवे असतील तर ते मेटच्या या कार्डांत नाहीत. त्यांचे फोटो एजेन आपेरने व्हर्सायच्या तुरुंगात काढले, खुर्चीवर ऐटीत बसवून, अगदी गिऱ्हाइकाचे काढावेत तसे, आणि ते विकलेही. त्याच आपेरने भाड्याच्या नटांच्या धडांवर डोकी चिकटवून कम्यूनच्या ‘अत्याचारां’ची बनावट दृश्यं तयार केली. तेव्हा आपेरचं नाव दिसलं की चित्र खरं की जोडकाम, हे आधी बघावं.

मराठी वाचकासाठी एक सूचना. सेनापती बापट पॅरिसमध्ये एका रशियन निर्वासिताकडून बॉम्बची विद्या शिकले ते १९०७ च्या सुमाराला, हेमचंद्र कानुनगोंबरोबर. हा संग्रह त्याच्या बारा वर्षं आधी संपतो. त्यामुळे इथे कुणा हिंदी क्रांतिकारकाचा चेहरा शोधण्यात वेळ घालवू नका. बापट उतरले ते शहर मात्र तेच होतं, आणि परदेशी अराजकवाद्यांना मोजून, फोटो काढून कपाटात लावण्याचा त्या पोलिसांचा सराव तोवर पक्का झाला होता.

श्रेय देणं सीसी झिरोत बंधनकारक नाही, तरी द्या: म्युझियमचं नाव, गिलमन संग्रह, २००५ ची खरेदी आणि नोंदणी क्रमांक. नावं सारखी असलेली कार्डं या संग्रहात आहेत आणि क्रमांक नसेल तर छापून झाल्यावर नेमका कोणता चेहरा वापरला होता ते पुन्हा सापडत नाही.